तांब्याची आठवी शेड

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात मी मालकांच्या वडिलांनी घडवलेली वस्तू उचलून रस्त्याकडेच्या गवतावर ठेवली आणि तिच्यासमोर ‘फ्री फायरवुड’ असा पुठ्ठा उभा केला. पुठ्ठ्यावरचं अक्षर मात्र सुरेख होतं. शाळेपासून माझ्या अक्षराबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रारी असतात त्या बाकीच्या.

२०१४चा जुलै होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा. पुण्याहून ऑकलंडला येऊन आम्हाला महिना होत होता. फ्लॅट बुशमध्ये भाड्याचं घर घेतलं होतं, मुलगी शाळेत जायला लागली होती आणि मी ईस्ट तामाकीतल्या एका शेडमध्ये नोकरीला लागलो होतो. शेड म्हणजे पत्र्याची मोठी खोली. आत मालक, त्यांची लेथ आणि मी. मालक सत्तरीचे. इथे मालकालाही नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते जमेना, म्हणून पहिले पंधरा दिवस मी त्यांना हाकच मारली नाही. समोर जाऊन खाकरायचो.

त्यांचं काम होतं मेटल स्पिनिंग. पत्र्याची गोल चकती लेथवर एका लाकडी फर्म्याला टेकवून घट्ट दाबायची, गरगर फिरवायची आणि लांब दांड्याच्या हत्याराने रेटत रेटत फर्म्यावर बसवायची. बघता बघता चकतीचा वाडगा होतो, घुमट होतो, दिव्याची शेड होते. कुठे कापणं नाही, ठोकणं नाही, जोड नाही. कुंभार मातीला वळवतो तसे हे गृहस्थ तांब्याला वळवायचे. मी ड्रॉइंग करायची, गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि कागदपत्रं सांभाळायची. मुलाखतीत मी छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्या पुण्यात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची अख्खी आळी आहे. ते खरंच होतं. त्या आळीत मी आयुष्यात एकदाच गेलो होतो आणि तेही स्कूटर लावायला जागा मिळते का बघायला, हे मात्र सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी मालक खांदा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. शेडमध्ये मी एकटा, आणि पुण्याजवळच्या मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढलेली सतरा वर्षं माझ्या अंगात होती. तिथली शिस्त अशी, की वर्षभर हात न लागलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची आणि बाहेर काढायची. त्या चिठ्ठ्यांपायी मला दोनदा बक्षीस मिळालं होतं, दोन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ. इथे लेथच्या मागच्या फळीवर लाकडाचे काळपट, तेलकट, धुळीने माखलेले ओंडके पडलेले. कोणी भोवऱ्यासारखा, कोणी उलट्या घंगाळासारखा. चांगल्या फर्म्यांना कपाट होतं, तिथे नंबर होते. हे बिननंबरी. मी मनातल्या मनात लाल चिठ्ठी लावली, अकराच्या अकरा ओंडके बाहेर नेऊन मांडले, फळी पुसली आणि आता मालक काय म्हणतील या विचाराने स्वतःवरच खूश होऊन चहा घेतला.

थंडीचे दिवस. तासाभरात गवत मोकळं झालं.

मालक आले. फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“मेट,” ते म्हणाले, “इथे काही होतं.”

“मी आवरलं,” मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, हे आज लिहितानाही कानशिलं तापतात.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पुण्यात आम्ही ओरडून मोकळं व्हायचो. यांनी किटली लावली, दोन मग भरले, एक माझ्यापुढे ठेवला आणि सांगितलं की त्यात मधला मोठा फर्मा पुरीरीचा होता. पुरीरी हे इथलं लोखंडासारखं लाकूड. साठ वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी तो कातला आणि त्यावर किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या जुन्या सभागृहासाठी तांब्याच्या चोवीस शेड केल्या. त्यांतल्या आठ इतक्या वर्षांत गेल्या. त्या आठ पुन्हा करून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावून द्यायच्या होत्या. ऑर्डरचा कागद माझ्याच टेबलावर होता. मीच तो रंगीत फोल्डरमध्ये, नीट भोकं पाडून, लावला होता.

“नंबर नव्हता त्यावर,” मी पुटपुटलो.

“माझ्या वडिलांचा होता,” ते म्हणाले. “नंबर कशाला घालू?”

मग ते आणखी एकच वाक्य बोलले. “आठ दिवे छताला लागले, की आपण तुझ्या नव्वद दिवसांचं बोलू.”

नव्वद दिवस म्हणजे माझा ट्रायल पिरियड. तोही सप्टेंबरच्या त्याच आठवड्यात संपत होता. पटलं नाही तर मालकाने ‘थँक यू’ म्हणायचं आणि आपण डबा उचलून घरी जायचं. पण माझ्या व्हिसावर याच कंपनीचं नाव होतं. ही नोकरी गेली तर फ्लॅट बुशच्या घरी नव्हे, थेट पुण्याच्या घरी. बायकोने बँकेतली नोकरी सोडली होती, मुलीची शाळा मोडली होती, आणि सगळ्या नातेवाइकांनी स्टेशनवर नव्हे, विमानतळावर येऊन निरोप दिला होता, तोही दोन गाड्या करून. आईला तर मी ‘एक-दोन वर्षंच’ असं सांगून आलो होतो. एका लाकडापायी परत जायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

संध्याकाळी घरी सांगितलं. बायकोने पोळी तव्यावरच राहू दिली.

“तू लोकांची लाकडं वाटलीस?”

“वाटली नाहीत गं. ठेवली. लोकांनी नेली.”

“बाबा गेव्ह अवे हिज बॉसेस स्टफ,” मुलगी म्हणाली. मराठीत सांगितलेली बातमी इंग्रजीत पुढे पाठवायची सवय तिला त्या महिन्यातच लागली होती.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या गॅरेजांत, गोदामांत विचारत फिरलो. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, चिठ्ठी लावली. सुंदर अक्षरात. शनिवारी एका बाईचा फोन आला. मी नि मालक तिच्याकडे गेलो. दहा ओंडके गॅरेजमध्ये सुखरूप होते. ते तिने कौतुकाने मालकांच्या गाडीत चढवून दिले. अकरावा, सगळ्यांत मोठा, तिने पहिल्याच दिवशी चुलीत घातला होता.

“हेप्स चांगलं लाकूड,” ती म्हणाली. हेप्स म्हणजे इथल्या बोलीत ढीगभर. “दोन दिवस घर गरम होतं. आणखी आहे का?”

परतीच्या वाटेवर मालकांनी एकदा मागे वळून त्या दहा ओंडक्यांकडे पाहिलं. मग अचानक हसू लागले. “बापाने पण कौतुकच केलं असतं,” म्हणाले. “त्याला थंडी सोसायची नाही.” आणि लगेच, त्याच सुरात, “फर्मा तू घालवलास, फर्मा तू करायचास. आणि आठांतली एक शेडही तूच करायचीस. माझा खांदा सात करील.”

मी नोकरी टिकवायला निघालो होतो. कारागीर व्हायला नव्हे. लेथवर उभं राहणाऱ्याला मी सतरा वर्षं काचेच्या केबिनमधून पाहिलं होतं. पण ‘नाही’ म्हणायची ही वेळ नव्हती.

पहिलं काम माप घेणं. सभागृहातल्या जुन्या शेड खाली उतरवायला परवानगी नव्हती, आणि आत काचेचा गोळा बसवलेला, त्यामुळे हात जाईना. मी शिडीवर चढून शेडच्या बाहेरून पुठ्ठ्याची कड कापत, लावून बघत, पुन्हा कापत असा अचूक आकार उतरवला. सभागृहाची रखवालदारीण खाली शिडी धरून उभी होती. माझ्या पोटाकडे बघत ती शिडीचा पाय आणखी घट्ट धरायची. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर ड्रॉइंग केलं. तीन रंगांत. दशांश चिन्हानंतर दोन आकडे. मग बायकोला हाक मारली, कारण कौतुकाला माणूस लागतं.

ती मुलीच्या फ्रॉकला अस्तर लावत होती. तोंडात टाचण्या. आली, पाहिलं, टाचण्या काढल्या.

“हे शेडचं माप आहे की त्या लाकडाचं?”

“तेच ते. शेड लाकडावर तर बसते.”

“म्हणजे लाकूड आत. मग तू बाहेरून माप का घेतलंस? अस्तर कापताना मी वरच्या कापडाचं माप घेतलं तर हा फ्रॉक तिच्या अंगात जाईल का?”

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. पत्र्याची जाडी एक पॉइंट दोन मिलिमीटर. दोन्ही बाजूंची धरून व्यासात दोन पॉइंट चार. फार नाही. पण छताच्या साखळ्यांना जुनी पितळी कडी लटकत होती आणि शेडची मान, म्हणजे वरचा निमुळता भाग, खालून त्या कड्यात जायची होती. जास्तीचे दोन पॉइंट चार म्हणजे आठही शेड कड्याला डोकं आपटून परत येणार होत्या. इंजिनिअर मी, दोन घड्याळं बक्षीस मिळालेला, आणि चूक काढली टाचण्या धरलेल्या बाईने. मी म्हणालो, “मी तेच तपासत होतो.” तिच्या टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या होत्या.

पुरीरीचा ठोकळा मालकांनी कुठूनतरी मिळवला. तो कातायला मला नऊ दिवस लागले. लाकडाचा भुसा नाकात, कानात, डब्यातल्या भाजीत. दर अर्ध्या तासाने मी पुठ्ठ्याचा नवा, दुरुस्त केलेला आकार लावून बघायचो. शेवटी मालकांनी तळहात फिरवला, डोळे मिटून, कलिंगड निवडताना फिरवावा तसा. एका जागी थांबले. “इथे.” मला तिथे काहीच दिसत नव्हतं. सँडपेपरचे चार हात मारले, त्यांनी पुन्हा हात फिरवला आणि मान डोलावली. फर्म्याच्या तळाला त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मी बघायला वाकलो तर म्हणाले, “नंबर.”

मग स्पिनिंग. सरावाला ॲल्युमिनियमच्या चकत्या. हत्याराचा दांडा काखेत धरायचा, टोक फिरत्या चकतीला लावायचं आणि मधून कडेकडे नेत रेटायचं. मी हातांनी रेटलं. पहिल्या चकतीच्या कडेला अनारशासारख्या चुण्या पडल्या. दुसरी वाऱ्यात छत्री उलटावी तशी उलटली. तिसरीकडे मालकांनी नुसतं पाहिलं आणि जाऊन सँडविच खाल्लं. महिनाभर शनिवार-रविवार मी चकत्या नासवत होतो. मुलगी एकदा डबा द्यायला बायकोबरोबर आली, ढिगाऱ्यातून एक वाकडी चकती उचलून म्हणाली, “इज धिस अ हॅट?” घरी घेऊन गेली आणि खरोखरच घालून फिरली.

“हातांनी नाही,” मालक दर वेळी सांगायचे. “बमने.” म्हणजे बुडाने. आणि आपल्या सत्तरीच्या कमरेने झुलून दाखवायचे. त्यांचे हात दांडा नुसता धरून असायचे. रेटायचं ते अख्खं अंग, टाचांपासून. मला ते कळायचं, जमायचं नाही. मग एका शनिवारी खांदे इतके दुखत होते की हातांत जोरच उरला नव्हता. मी कंटाळून दांड्यावर नुसता रेललो. माझं सगळं वजन, जे कमी करावं म्हणून घरात गेली दहा वर्षं नाचणीपासून मेथीच्या पाण्यापर्यंत सगळं झालं होतं, ते वजन शांतपणे त्या दांड्यावर गेलं आणि ॲल्युमिनियम लोण्यासारखं सरकलं. पत्रा सलग, गुळगुळीत, चकाकत फर्म्यावर बसत गेला. मी चौऱ्याऐंशी किलोंचा माणूस. त्या क्षणी त्यांतला एकही किलो जास्तीचा नव्हता.

मालक लांबून ओरडले, “शेवटी पोट कामाला लागलं!”

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की आता नाचणी बंद. तिने वाढली.

तांबं मात्र ॲल्युमिनियमपेक्षा वेगळ्या स्वभावाचं. सुरुवातीला गरीब असतं; रेटलं की ऐकतं. पण रेटून रेटून ते आतून ताठरतं, आणि त्यानंतरही जोर केला की कड फाटते. तेव्हा थांबायचं, काढून घ्यायचं, टॉर्चने मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज होतो, आणि पाण्यातून बाहेर येतं ते पुन्हा मऊ झालेलं. कधी थांबायचं हे डोळ्यांना दिसत नाही. कानाला कळतं. फिरत्या चकतीचा आवाज बदलतो. मालक पाठ करून उभे राहायचे आणि तरी म्हणायचे, “आता काढ.”

सप्टेंबर उजाडेपर्यंत त्यांनी सात शेड केल्या होत्या. एकसारख्या. शेवटच्या एक-दोन त्यांनी दात आवळून केल्या. खांदा चोळत बाहेर जायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. आठव्या शेडपुरतीच चकती उरली होती. ती बिघडली असती तर नवा तांब्याचा पत्रा यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि दिवे लावायचे होते पुढच्या मंगळवारी.

मी चकती लावली. हत्यार सरकावं म्हणून साबण फासला. हत्यार काखेत घेतलं. मालक हात खिशात घालून दाराजवळ उभे राहिले.

पहिल्या तीन रेट्यांत मान झाली. पुढच्या पाचांत खांदा. मग कडेला अगदी बारीक थरथर दिसली. चुणी. पडायच्या बेतात. जुना मी असतो तर हातांनी दाबायला गेलो असतो. मी टोक मागे घेतलं, कडेवरून आत उलटा एक रेटा दिला, जसा तोपर्यंत शंभर ॲल्युमिनियमवर दिला होता. थरथर गेली. आणि तेवढ्यात आवाज बदलला. किंचित वर चढला. लहान मूल रडायच्या आधी आवाज लावतं तसा. मी मालकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. सांगणार नव्हते. ठरवून सांगणार नव्हते.

मी लेथ थांबवली. अर्धी झालेली शेड काढली, तापवली, मंद लाल, बुडवली. चर्र. पुन्हा लावली. आणि रेललो. टाचा, कंबर, पोट, सगळ्या चौऱ्याऐंशी किलोंनी. तांबं फर्म्यावर जाऊन बसलं, कडेपर्यंत, एकाही चुणीशिवाय. कड छाटली, गोल वळवली. मशीन बंद केलं तेव्हा त्या पत्र्याच्या खोलीत इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू आला, आणि तो तिथे सगळ्यांत कर्कश आवाज होता.

मालक आले. आतून हात फिरवला, बाहेरून फिरवला, डोळे मिटून. कुठेच थांबले नाहीत.

“स्वीट ॲज,” म्हणाले. इथल्या बोलीत, एकदम झकास.

मला शाळेत, कॉलेजात, कारखान्यात मिळून जेवढे शाबासकीचे शब्द मिळाले असतील, ते सगळे एका पारड्यात टाकले तरी हे दोन जड भरतील. मी आनंदाने त्यांना चक्क नावाने हाक मारली. ते दचकले.

मंगळवारी सभागृहात बायको आणि मुलगीही आल्या; शाळेला दांडी मारून, असल्या कामाला आमच्या घरी नेहमी परवानगी असते. नव्या शेडना औषधाने जुन्यांसारखं तपकिरी केलं होतं. इलेक्ट्रिशियनने शिडीवरून पहिली शेड वर नेली, मान कड्यात घातली. अलगद गेली. मी बायकोकडे पाहिलं. ती तोंड फिरवून खिडकी बघत होती, पण गालात हसू होतं. दुसरी, तिसरी... आठवी. खट्. खट्. चोवीसच्या चोवीस दिवे लागले तेव्हा रखवालदारणीने टाळ्या वाजवल्या. मग मालकांनी तिला विचारलं, “माझ्या बापाचे कुठले, माझे कुठले आणि याचा कुठला, सांग बघू.” तिने तीनदा बोट दाखवलं, तिन्ही वेळा मालकांनी ‘चूक’ म्हटलं. चौथ्यांदा मलाच विचारलं. मी वर बघत राहिलो. आणि खरं सांगतो, मलाही सांगता येईना. माझी शेड त्या रांगेत हरवली होती, आणि मला याहून मोठं बक्षीस नको होतं. घड्याळ तर नकोच.

मालकांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. ट्रायल संपला होता, नोकरी कायम. “सोमवारी लवकर ये,” म्हणाले. “माझा खांदा आता शिकवेल. करायचं तू.” आणि माझ्या पाठीवर असा हात मारला की त्यांचाच खांदा दुखला.

परतताना मोटरवेवर मी बोलतच होतो. चुणी कशी पडणार होती, आवाज कसा चढला, मी कसा थांबलो. मुलगी मागे झोपली. चोवीस दिवे कसे लखलखले हे मी तिसऱ्यांदा सांगितलं. आणखी काही वर्षांत आपण इथलेच होऊ, म्हणालो, परत जायचा प्रश्नच मिटला. बायकोने तो कागद उजेडात धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पुन्हा घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

मग म्हणाली, “छान झालं. खरंच छान झालं. आता घरी गेल्यावर पुण्याला आईंना फोन तू करायचास. आपण परत येत नाही हे मी नाही सांगणार. आणि ‘अजून एक-दोन वर्षंच’ असं तोंडातून काढायचं नाही. सरळ सांगायचं.”